ओझे कोठे उतरवावे?

गेल्या महिन्यात एका बुधवारी रात्री आमचे ज्येष्ठ बंधू बसल्या जागी गंभीर आजारी पडले. वस्तुतः ते त्या वेळी आमच्या शेजारी बसून ताकभात जेवीत होते आणि लोणच्याची दुसरी फोड मागत होते. परंतु त्यांचा नातू, म्हणजे आमच्या पुतण्याचा चिरंजीव, पलीकडच्या खोलीत फोनवर कोणास तरी सांगत होता की, "आजोबांची तब्येत अचानक बिघडली आहे, त्यांना गावी न्यावं लागेल, सोमवारपासून मला येता येणार नाही." बंधूंनी घास हातात तसाच धरून आमच्याकडे पाहिले. आमच्या कुटुंबात आजवर नाना प्रकारचे आजार होऊन गेले. परंतु रोग्यास स्वतःच्या आजाराची वार्ता भिंतीपलीकडून कळावी, असा प्रसंग हा पहिलाच.

जेवणे उरकल्यावर मुलास समोर बसविले, तेव्हा सारी हकीकत बाहेर आली. तो हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत साडेतीन महिन्यांपूर्वी लागला. पहिले सहा महिने प्रोबेशनचे, म्हणजे आमच्या जुन्या भाषेत उमेदवारीचे. मुलाखतीत सांगितलेले काम एक आणि हाती आलेले दुसरेच. शिवाय आठवड्यातून चार रात्री जागरण. इतक्यात दुसऱ्या एका कंपनीने त्यास बोलाविले, पगारही बरा देऊ केला. मात्र आठ दिवसांत रुजू व्हावे, अशी अट घातली. पहिल्या ठिकाणी राजीनामा देऊन रीतसर सुटावयाचे, तर तीस दिवसांची नोटीस. सबब मित्रांनी सल्ला दिला की, राजीनाम्याच्या फंदात पडूच नये. सोमवारपासून जाणे बंद करावे, फोन उचलू नये, चार दिवसांनी तेच कंटाळतील.

"असं सगळेच करतात, अप्पा," तो आम्हांस म्हणाला. "याला अ‍ॅब्स्कॉण्ड होणं म्हणतात."

आम्ही चौतीस वर्षे मुलांना शब्दांचे अर्थ सांगण्यात घालविली. या शब्दाचा अर्थ 'फरारी होणे' असा आहे. दरोडेखोर फरारी होतात, जामिनावर सुटलेले आरोपी फरारी होतात. शुचिर्भूत होऊन रोज डबा घेऊन कामावर जाणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाने हा शब्द आपल्यासाठी इतक्या सहजतेने वापरावा, याचे आम्हांस वाईट वाटले. आणि का वाटले, ते पुढे सांगणारच आहोत.

त्या रात्री आमच्या घरात दोन तट पडले. बंधूंचे म्हणणे असे की, शब्द दिला तो दिला. सही केली आहे, तीस दिवस म्हणजे तीस दिवस, मग दुसरी नोकरी जावो की राहो. मुलाचे वडील स्वतः एका कारखान्यात नोकरीस असून त्यांनी जगाचे टक्केटोणपे खाल्ले आहेत. ते म्हणाले, "दादा, हाच मुलगा उद्या त्यांना नको झाला, तर ते एका संध्याकाळी त्याचं ओळखपत्र काढून घेऊन दार दाखवतील. तेव्हा कुठला शब्द आणि कुठले तीस दिवस?" सूनबाईंस चिंता एवढीच की, मुलावर खटला वगैरे तर होणार नाही ना. आणि वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "पण मग ह्यांना आजारी कशाला पाडलंस रे?" त्याचे उत्तर कोणीच दिले नाही.

आम्ही नेमणुकीचे पत्र मागवून घेतले. मुलाने ते सहीच्या दिवशी वाचलेच नव्हते. आपल्या घरांतून मुलांना पंचांग वाचता येते, शेअरबाजाराचे आकडे वाचता येतात. परंतु ज्या कागदावर आपण आपले दिवस लिहून देतो, तो मात्र वाचण्याची चाल नाही. पत्र बारा पृष्ठांचे होते. नववे कलम असे की, उमेदवारीच्या काळात कंपनीस योग्य वाटेल तेव्हा, कारण न देता, तत्काळ सेवा समाप्त करता येईल. नोकरास सोडावयाचे असल्यास त्याने तीस दिवसांची लेखी सूचना द्यावी, अथवा तितक्या दिवसांचे वेतन भरावे. म्हणजे मुलाचे वडील जे बोलले ते खरे होते. एका पारड्यात तीस दिवस आणि दुसऱ्यात शून्य.

आता सूनबाईंच्या चिंतेचे निवारण प्रथम करू. कारण अशा घरांतून ही भीती फार असते आणि तीच मुलांना खोटे बोलावयास लावते. नोटीस न देता नोकरी सोडणे हा गुन्हा नव्हे. एके काळी तो होता. 1859 साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. त्याअन्वये कामाची आगाऊ रक्कम घेऊन काम टाकून जाणाऱ्या कारागिरास वा मजुरास मॅजिस्ट्रेट पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम करी, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद होई. मालकाने मजूर टाकला तर मालकास कैद, अशी तरतूद त्यात नव्हती, हे निराळे सांगावयास नकोच. हा कायदा 1925 साली रद्द करण्यात आला. त्यानंतर 1950 च्या राज्यघटनेने सक्तीच्या श्रमास बंदी केली. आणि 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाप्रमाणेही कोणतेच न्यायालय कोणास, 'अमक्याकडे जाऊन नोकरी कर' असा हुकूम करीत नाही. तेव्हा आपल्या मुलाच्या पायात बेडी पडण्याचे कारण नाही.

मग उरतो तो पैशाचा प्रश्न. नोकरी हा करार आहे. करार मोडला तर भरपाई. परंतु 1872 च्या करार कायद्याचे 74 वे कलम सांगते की, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत, वाजवी तेवढीच भरपाई देवविते. लिहिलेला आकडा ही वरची सीमा होय, देण्याचा नेम नव्हे. उलट, 'प्रोबेशनवर आहे, तेव्हा काहीच लागू नाही,' अशी जी समजूत मुलांमध्ये पसरली आहे, तीही खरी नाही. पत्रात लिहिले असेल ते उमेदवारासही लागू होते. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. किमान तीन वर्षे नोकरी करावी, अन्यथा दोन लाख रुपये भरावे, अशी ती अट होती. न्यायालयाने ती वैध ठरविली. कारण माणूस मध्येच गेल्याने बँकेस नवी भरती करण्याचा खर्च व खोळंबा सोसावा लागतो. सारांश, कायद्याने आपणांस डांबून ठेवता येत नाही, पण आपल्या जाण्याने दुसऱ्याचे जे खरे नुकसान होते, त्याकडे कायदा डोळेझाक करीत नाही.

आमच्या स्वतःच्या धंद्यातील नियम या बाबतीत अधिक न्याय्य आहे, असे आम्हांस वाटते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा अधिनियम आहे आणि त्याखालील नियम 1981 चे आहेत. मूळ कायद्यात उमेदवारी दोन वर्षांची; पुढे निघालेल्या शिक्षण सेवकांची तीन वर्षांची. दोन वर्षांच्या उमेदवारीत संस्थेस शिक्षकाचे काम असमाधानकारक वाटले, तर तिने एक महिन्याची नोटीस अथवा एक महिन्याचा पगार द्यावा. आणि कायम न झालेल्या शिक्षकास जावयाचे असेल, तर त्यानेही एक महिन्याची नोटीस द्यावी, अथवा महिन्याचे मूळ वेतन भरून आधी मोकळे व्हावे. दोहों अंगांस माप एकच. राजीनामा दोन प्रतींत लिहून, सही व तारीख घालून, एक प्रत रजिस्टर टपालाने पाठवावी व दुसरी आपल्याजवळ ठेवावी, इतका तपशील कायद्यातच दिला आहे. कागद हाती नसल्याने माणसाचे किती हाल होतात, हे तो लिहिणारास ठाऊक असले पाहिजे.

हे सर्व सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे पैसे भरले की झालं?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही आमच्या जुन्या पोथ्यांतून दिले. कारण हा प्रश्न हिंजवडीत उत्पन्न झालेला नाही. वेतन घेऊन काम न करणे आणि काम घेऊन वेतन न देणे, हे दोन्ही तंटे आमच्या स्मृतिकारांनी व्यवहारपदांत, म्हणजे न्यायसभेत येणाऱ्या दाव्यांत, घातलेले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत ओझे वाहणाऱ्या मजुराचे उदाहरण आहे. प्रवासास निघण्याच्या ऐन वेळी जो विघ्न आणतो, त्याने मजुरीच्या दुप्पट द्यावे. निघण्याचे ठरल्यावर जो काम सोडतो, त्याने मजुरीचा सातवा भाग द्यावा. वाटेत सोडतो, त्याने चौथा. आणि अर्ध्या वाटेवर ओझे टाकतो, त्याने सर्व मजुरी द्यावी. येथे वाचकांस शंका येईल, तशी ती कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील विज्ञानेश्वरासही आली. निघतानाच सोडणाऱ्यास एके ठिकाणी दुप्पट आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ सातवा भाग, हा विरोध कसा? मिताक्षरा टीकेत त्याने त्याचा उलगडा केला आहे तो असा: जेथे दुसरा मजूर शोधण्यास अवसर उरला आहे, तेथे सातवा भाग, जेथे मुहूर्ताच्या क्षणीच पाठ फिरविली, तेथे दुप्पट.

वाचकहो, नोटीस म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उत्तर आमच्या वाचनात नाही. नोटीस म्हणजे धन्याचा मान नव्हे, नोकराची शिक्षा नव्हे. दुसरा खांदा शोधावयास दिलेला अवसर, एवढाच तिचा अर्थ. तो अवसर तीन दिवसांत मिळत असेल, तर तीस दिवस अडविणे हा हट्ट होय; आणि तीन दिवसही न देता ओझे रस्त्यावर टाकणे हा दगा होय. बंधू म्हणत होते तीस म्हणजे तीस, मुलगा म्हणत होता शून्य. दोघेही दिवस मोजीत होते. ओझे कोणीच पाहत नव्हते.

त्याच श्लोकाच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे, ती मुलाच्या वडिलांस आम्ही मुद्दाम सांगितली. जो मजुरास मध्येच सोडावयास लावतो, त्या धन्यासही हीच मापे लागू आहेत. स्मृतिकाराने नववे कलम एकतर्फी लिहिलेले नाही. आणि कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वेतन घेऊन काम न करणाऱ्यास बारा पण दंड सांगितला खरा. परंतु जो अशक्त झाला, ज्यास निंद्य काम सांगितले, जो व्याधीने वा संकटाने ग्रस्त झाला, त्यास करारातून मोकळीक आहे. अथवा त्याने दुसऱ्याकडून काम करवून द्यावे. म्हणून आमच्या सर्व तरुण वाचकांस आम्ही स्पष्ट सांगतो: जेथे पगार थकविला जातो, जेथे मुलीबाळींच्या अब्रूस धक्का लागतो, जेथे खोट्या कागदांवर सह्या घेतल्या जातात, अथवा जेथे देहास अपाय आहे, तेथून एक दिवसही न थांबता निघून यावे. मात्र का आलो, ते लिहून यावे. आमच्या मुलाचे प्रकरण तसे नव्हते. काम न आवडणे, जागरण होणे आणि पलीकडे पगार अधिक असणे, ही सोडण्याची पुरेशी कारणे आहेत. पळून जाण्याची नव्हेत.

येथवर आमची सरशी होत होती. इतक्यात आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि आपल्याकडच्या त्या पोळ्यावाल्या बाईंचं काय झालं?"

ती कथा अशी. दोन वर्षांपूर्वी घरात मुंज होती. स्वयंपाकास नुकत्याच ठेवलेल्या बाई आदल्या दिवशी आल्याच नाहीत. घरातील बायकांची तारांबळ उडाली आणि आम्ही सर्वांनी त्या बाईंच्या बेजबाबदारपणावर आठवडाभर बोलून घेतले. त्यानंतर दुसऱ्या बाई लागल्या. नवव्या दिवशी पोळ्या जाड होतात म्हणून त्यांस 'उद्यापासून येऊ नका' असे सांगितले. त्यांनी आमच्यासाठी शेजारचे एक घर सोडले होते, हे आम्हांस मागाहून कळले. नऊ दिवसांचे पैसे चोख दिले आणि आपण फार सचोटीने वागलो असे मानले. पहिल्या बाईंनी ऐन मुहूर्तावर पाठ फिरविली, हे खरे. पण दुसऱ्या बाईंस अर्ध्या वाटेवर सोडणारे आम्हीच होतो. स्मृतीच्या मापाने आम्ही त्यांचे देणे लागत होतो. कंपनीच्या नवव्या कलमावर संतापणाऱ्या आमच्या घराचे नववे कलम कोणत्या पत्रात लिहिलेले होते? घरकाम करणाऱ्या बायांस नेमणुकीचे पत्र नसते, म्हणून ते कोणास दिसत नाही, इतकेच. त्या प्रश्नावर घरातील सर्व पुरुष काही वेळ पंख्याकडे पाहत राहिले.

आता आम्हांस वाईट का वाटले, ते सांगण्याची वेळ आली आहे. ही गोष्ट आम्ही त्या रात्रीपर्यंत घरात कोणास सांगितली नव्हती.

1983 च्या जून महिन्यात आम्ही कोकणातील एका खेड्यात, गावकऱ्यांनी चालविलेल्या शाळेत उमेदवारीवर शिक्षक म्हणून लागलो. पाचवी ते सातवीचे वर्ग आमच्याकडे. सातवीतील चौदा मुले आम्ही स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी निवडली होती आणि शाळा सुटल्यावर कंदिलाच्या उजेडात त्यांचा अभ्यास घेत होतो. डिसेंबरात देशावरून, घरापासून दोन कोसांवरील एका शाळेचे पत्र आले: जागा रिकामी आहे, आठवड्यात या, नाहीतर दुसऱ्यास देऊ. महिन्याची नोटीस द्यावी लागते, हे आम्हांस ठाऊक होते. ते नियम तेव्हा नवेच निघालेले होते. परंतु मुख्याध्यापकांच्या समोर उभे राहून 'मी जातो' म्हणण्याचे धैर्य झाले नाही. आम्ही त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, तीत लिहिले, 'वडील अत्यवस्थ आहेत,' आणि पहाटेच्या एस. टी. ने निघून आलो. वडील त्या दिवशी अंगणात लाकडे फोडीत होते.

संस्थेने आमच्याकडे एक पैसाही मागितला नाही. मुख्याध्यापकांचे एक कार्ड आले. वडिलांच्या प्रकृतीची चौकशी होती, आणि 'काळजी करू नये, इकडचे आम्ही पाहून घेतो' एवढेच होते. त्या कार्डास आम्ही उत्तर लिहिले नाही. काय लिहिणार होतो?

वीस-एक वर्षे लोटली. एका लग्नात एक गृहस्थ पाया पडला आणि म्हणाला, "सर, मी तुमचा सातवीतला." आम्हांस आनंद झाला. स्कॉलरशिपचे काय झाले, असे आम्ही सहज विचारले. तो म्हणाला, "त्या वर्षी बसलोच नाही सर कोणी. हेडसरांकडे दहावीचा वर्ग होता, त्यांना दोन्ही जमेना. महिनाभर आधी कळलं असतं तर तालुक्याहून कोणीतरी आलं असतं, असं ते म्हणायचे." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता, आणि लागलीच, "तुमचे वडील बरे झाले ना तेव्हा?" असेही त्याने विचारले. त्याला आम्ही 'हो' म्हणालो. वडील तोवर खरोखरीच वारले होते.

मुख्याध्यापक तेव्हा हयात नव्हते. आम्ही आमच्या त्या वेळच्या मूळ वेतनाची रक्कम, व्याज धरून, त्या शाळेस पाठविली आणि सोबत पत्र लिहिले की हे आमचे राहिलेले देणे आहे. शाळेकडून पावती आली. पावतीवर 'देणगी' असे छापलेले होते व खाली आभार मानले होते. देण्याची पावती त्यांच्याकडे नव्हतीच. ती पावती आम्ही अद्याप ठेवली आहे. मुलाने विचारले होते, पैसे भरले की झाले का. त्याच्या हाती आम्ही ती पावती दिली.

चौदा मुलांपैकी दोघांना तरी ती शिष्यवृत्ती मिळाली असती, असे आम्हांस वाटते. आणि कोणत्या दोघांना, हेही ठाऊक आहे. नोकरी सोडल्याबद्दल आम्हांस आजही पश्चात्ताप नाही. घराजवळ आलो, हे योग्यच झाले. आठवडाभर आधी तोंड उघडले नाही, आणि ते न उघडण्यासाठी वडिलांस आजारी पाडले, याचा आहे.

त्यानंतर फारसा वाद राहिला नाही. दुसऱ्या दिवशी मुलाने आमच्यासमोर बसून राजीनामा लिहिला. आम्ही त्यातील 'वैयक्तिक अडचणींमुळे' हे शब्द खोडावयास लावले. अडचण नव्हती, दुसरी नोकरी मिळाली होती. कारण देणे बंधनकारक नसेल, तर देऊ नये. पण द्यावयाचे तर खरे द्यावे. पत्रात त्याने तीन गोष्टी लिहिल्या: आपण जाऊ इच्छितो, आपल्याकडील काम अमुक इतके असून ते दुसऱ्यास समजावून देण्यास दहा-बारा दिवस पुरतील, आणि तीस दिवसांपैकी जे उरतील त्यांचे वेतन पत्रातील कलमाप्रमाणे कापून घ्यावे. ते ई-मेलने पाठवून त्याची छापील प्रत घरात ठेवली. नव्या कंपनीसही त्याने फोन केला आणि आठ दिवसांऐवजी पंधरा मागितले. या फोनची त्यास सर्वांत अधिक भीती वाटत होती. हातची जागा जाईल, असे त्यास वाटे. पलीकडून विचारणा झाली, "तिकडून रीतसर सुटून येणार आहात का?" हो म्हटल्यावर पंधरा दिवस मिळाले. जी माणसे आपल्या नव्या नोकरास जुन्या धन्याकडून पळून या असे सांगतात, ती आपणांकडूनही तो तसाच पळणार, हे जाणून असतात. म्हणून शहाणी माणसे असे सांगत नाहीत.

जुन्या कंपनीतील त्याचा साहेब दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने एका मुलीस याच्या शेजारी बसविले आणि म्हणाला, हिला सर्व दाखव. बाराव्या दिवशी याने लॅपटॉप व ओळखपत्र परत करून त्यांची पोच घेतली. उरलेल्या अठरा दिवसांचे वेतन त्यांनी कापले, एक दिवसही सोडला नाही. मुलाच्या वडिलांस ते फार लागले. आम्ही म्हणालो, तो करारातील आकडा होता आणि त्याने तो डोळे उघडे ठेवून दिला. पस्तावण्याचे कारण नाही. मात्र बाकीचा हिशेब वेळेत झाला पाहिजे, हेही आम्ही बजाविले. 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून, राजीनामा देणाऱ्याचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे, असे ती सांगते. त्यांनी आठ दिवस लावले. याने दोनदा लेखी स्मरण दिले. कार्यमुक्तीचे पत्र मात्र हाती आले, आणि नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी तेच प्रथम मागितले.

ज्यांच्या घरी मुले-मुली नव्याने नोकरीस लागत आहेत, त्या वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंती आहे. नेमणुकीचे पत्र सहीपूर्वी घरात बसून वाचावे. उमेदवारी किती महिन्यांची, नोटीस दोहों बाजूंस किती, वेतन भरून आधी सुटता येते की नाही, हे पाहावे. आणि माप एकतर्फी असेल, तर ते समान करा, असे मुलाने विचारण्यात काहीही अप्रशस्त नाही. ते कदाचित नाही म्हणतील. पण विचारलेल्या मुलास आपण कशावर सही करीत आहोत, हे तरी कळेल. आणि मुलगा 'मला येथे राहावयाचे नाही' असे म्हणू लागला, तर 'आमच्या काळी आम्ही एकाच खुर्चीवर जन्म काढला' हे व्याख्यान देऊ नये. उमेदवारी ही दोघांनी एकमेकांस पारखण्यासाठीच असते. न पटल्यास उठून जाण्यात मुळीच कमीपणा नाही. घरात ते बोलता आले नाही, म्हणजे मग आजोबा आजारी पडतात.

जाड पोळ्यांच्या बाईंचा पत्ता आमच्या सौभाग्यवतींनी शोधून काढला. एका महिन्याचे पैसे पाकिटात घालून त्या स्वतः घेऊन गेल्या. बाईंनी चहा दिला, पाकीट ठेवून घेतले आणि, "एवढ्या उशिरा का होईना," असे म्हणाल्या. ते वाक्य सौभाग्यवतींनी घरी येऊन सर्वांस जसेच्या तसे सांगितले.

बंधूंची प्रकृती उत्तम आहे. लोणचे पूर्ववत चालू आहे.